आरोपी, संशयित की ‘क्रिमिनल’? किशोरवयीन मुलांना पोलिसी इंग्रजी शिकवताना

पोलिसी इंग्रजीचा वर्ग पहिल्यांदा घेतला तेव्हा मी सरळ चाळीस शब्दांची यादी फळ्यावर लिहून दिली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली आणि निम्म्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मी खूश. मग त्याच मुलांना एका चित्रावरून चार वाक्यं लिहायला सांगितली. पहिल्याच वहीत होतं: ‘द पोलीस अरेस्टेड द क्रिमिनल बिकॉज ही वॉज सस्पेक्टेड.’

व्याकरणात खोट काढायला जागा नाही, पण अर्थ पार कोसळलेला. ज्याच्यावर नुसता संशय आहे तो ‘क्रिमिनल’ कधी झाला? खटला कधी चालला, निकाल कुणी दिला? मुलाने तीन शब्द पाठ केले होते, पण ते तीन शब्द एकाच माणसाच्या तीन वेगवेगळ्या मुक्कामांवरचे आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

तेव्हापासून मी यादी बाजूला ठेवली. या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक शब्द कार्यवाहीच्या एका ठरावीक टप्प्याला बांधलेला असतो, आणि तो कोण वापरतंय यावर त्याचं वजन ठरतं. शब्द टप्प्यासकट शिकवला तर तो मुलांच्या डोक्यात राहतो आणि योग्य जागी बाहेर येतो. पुढचा सगळा खटाटोप याच एका गोष्टीसाठी आहे. तेरा ते सतरा वयाची मुलं यासाठी फार चांगली, कारण ‘मी केलंच नाही, तरी मलाच का बोलता?’ हा प्रश्न त्यांच्या जिभेवर सदैव तयार असतो.

पहिली पायरी: कुठलं इंग्रजी, हे आधी ठरवा

पोलिसी इंग्रजी एकच नाही. मुलं मालिका बघून येतात आणि त्यांच्या डोक्यात अमेरिकी शब्द असतात. पाठ्यपुस्तकात बऱ्याचदा ब्रिटिश शब्द असतात. दोन्हींची भेळ केली की कुणालाच काही कळत नाही. अमेरिकेत गंभीर गुन्ह्याला ‘फेलनी’ आणि कमी गंभीर गुन्ह्याला ‘मिसडिमीनर’ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा भेद १९६७ च्या कायद्याने काढून टाकला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारतर्फे खटला चालवणारा ‘डिस्ट्रिक्ट अटर्नी’ असतो, तर इंग्लंड-वेल्समध्ये हे काम १९८६ पासून ‘क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस’कडे आहे. वकिलालाही अमेरिकेत ‘अटर्नी’, इंग्लंडमध्ये ‘सॉलिसिटर’ आणि ‘बॅरिस्टर’. एका हुद्द्याचा तर उच्चारच बदलतो: ब्रिटिश ‘लेफ्टेनंट’ आणि अमेरिकी ‘लूटेनंट’, स्पेलिंग तेच.

एक पद्धत निवडा आणि संपूर्ण अभ्यासक्रम तिच्यावरच चालवा. दुसऱ्या पद्धतीचे शब्द मुलांनी वर्गात आणले तर हाकलून लावू नका. फळ्याच्या कोपऱ्यात ‘तिकडचे शब्द’ असा चौकोन आखून त्यात टाका. माझ्या अनुभवात तो कोपरा शेवटी बराच भरतो आणि मुलांना त्याचा अभिमानही वाटतो.

‘कॉप’, ‘बस्टेड’ असले बोलीतले शब्दही त्याच कोपऱ्यात. ऐकून कळले पाहिजेत, लेखी कामात वापरायचे नाहीत. ‘बॉबी’ या शब्दाची गोष्ट मात्र सांगाच. १८२९ मध्ये ब्रिटिश गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनचं महानगर पोलीस दल उभं केलं आणि रॉबर्टचं लाडकं रूप बॉबी, म्हणून शिपायालाही बॉबी.

दुसरी पायरी: साठ शब्द, पण कुठले?

साठच्या आसपास शब्द एका सत्राला पुरतात. निवडताना मी तीन ढीग करते.

पहिला ढीग ओळखीच्या चेहऱ्यांचा. मुलांना हे शब्द माहीत असतात, पण इथे त्यांचा अर्थ वेगळा असतो. ‘सेंटेन्स’ म्हणजे वाक्य हे पाचवीपासून माहीत. इथे तो शिक्षा आहे. ‘चार्ज’ म्हणजे मोबाइलची बॅटरी भरणं. इथे तो औपचारिक आरोप आहे. ‘फाइन’ म्हणजे ‘ठीक आहे’; इथे दंड. ‘कन्व्हिक्शन’ म्हणजे ठाम मत आणि दोषसिद्धीही. ‘बीट’ म्हणजे मारणं, आणि शिपायाच्या गस्तीचा ठरलेला भागही. ‘सेल’, ‘बुक’, ‘हिअरिंग’, ‘ट्रायल’, ‘अपील’ असे बारा-पंधरा शब्द सहज निघतात. सर्वांत जास्त घोटाळा याच ढिगात होतो, कारण शब्द ओळखीचा दिसला की मुलं अर्थ शोधायच्या फंदात पडत नाहीत. ‘ही रिसीव्ह्ड अ लाँग सेंटेन्स’ याचं भाषांतर ‘त्याला मोठं वाक्य मिळालं’ असं एका मुलीने अगदी गंभीर चेहऱ्याने केलं होतं. मी ते वाक्य अजून दरवर्षी पहिल्या तासाला वापरते.

दुसरा ढीग खऱ्या अर्थाने नव्या शब्दांचा: ‘कस्टडी’, ‘बेल’, ‘वॉरंट’, ‘सस्पेक्ट’, ‘विटनेस’, ‘टेस्टिफाय’, ‘व्हर्डिक्ट’, ‘अॅलिबाय’, ‘फॉरेन्सिक’. यातल्या काहींच्या मागे छान गोष्टी आहेत आणि गोष्टीने शब्द चिकटतो. ‘अॅलिबाय’ हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘दुसरीकडे’. मी तेव्हा तिथे नव्हतोच, दुसरीकडे होतो! ‘फॉरेन्सिक’ आला ‘फोरम’पासून, म्हणजे रोमन लोक जिथे जाहीरपणे वाद मांडत तो चौक. आणि ‘क्लू’ म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थिसियस भूलभुलैयातून सुताच्या धाग्याच्या मदतीने बाहेर पडतो, त्यावरून ‘क्लू’ला माग असा अर्थ आला. मराठीत आपणही ‘धागादोरा सापडला’ म्हणतोच की. ही जोडी मुलांना स्वतःला शोधू द्या.

तिसरा ढीग शोभेच्या शब्दांचा. अवघड, लांबलचक, क्वचित लागणारे. हे मी सरळ टाकून देते. ‘एड अँड अबेट’ सारखे जोडशब्द ऐकायला भारदस्त वाटतात, पण पंधरा वर्षांच्या मुलाला आधी ‘स्टेटमेंट’ नीट वापरता येऊ दे.

तिसरी पायरी: वर्गात दोरी बांधा

सगळ्या अभ्यासक्रमात मी सर्वांत जास्त वेळ इथे देते. दोन पूर्ण तास.

वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणा आणि तिच्यावर चिमट्याने टप्प्यांची कार्डं लावा. घटना कळवली, पोलीस पोहोचले, घटनास्थळ बंदिस्त केलं, साक्षीदारांशी बोलले, एकावर संशय आला, ताब्यात घेतलं, अटक, कोठडी, चौकशी, औपचारिक आरोप, जामीन किंवा कोठडीत मुक्काम, खटला, निकाल, शिक्षा किंवा सुटका, अपील. प्रत्येक कार्डावर इंग्रजी क्रियापदच हवं, नाम नको: ‘रिपोर्ट’, ‘रिस्पाँड’, ‘सिक्युअर’, ‘डिटेन’, ‘अरेस्ट’, ‘क्वेश्चन’, ‘चार्ज’, ‘रिलीज’, ‘ट्राय’, ‘अक्विट’, ‘कन्व्हिक्ट’, ‘सेंटेन्स’. क्रियापद आलं की कर्ता आणि कर्म आपोआप विचारावं लागतं, आणि कोण कोणाला काय करतंय हे सांगितल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

आता एका विद्यार्थ्याला दोरीच्या सुरुवातीला उभं करा. त्याचं नाव ठेवा ‘तो माणूस’. तो एकेक पाऊल पुढे सरकेल आणि प्रत्येक कार्डापाशी बाकीच्यांनी सांगायचं: या क्षणी याला काय म्हणायचं? सुरुवातीला तो नुसता ‘मॅन’ असतो. मग ‘सस्पेक्ट’. औपचारिक आरोप ठेवला आणि न्यायालयात उभा राहिला की ‘डिफेंडंट’. दोषी ठरला तर आणि तेव्हाच ‘ऑफेंडर’. ‘क्रिमिनल’ हा शब्द मुलं दर दोन पावलांनी ओरडतात. प्रत्येक वेळी दोरीवरच्या ‘व्हर्डिक्ट’ कार्डाकडे बोट दाखवायचं: तिथवर पोहोचलाय का तो?

इथे मराठी मोठी मदतीला येते. वर्तमानपत्राची मराठी या बाबतीत चोख असते. ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यांत ती फरक करते. ‘डिटेन’ आणि ‘अरेस्ट’ यांतला फरक जवळपास तोच. ‘संशयित’ आणि ‘आरोपी’ ती वेगळे ठेवते. ‘कथित’ हा शब्द मुलांनी वाचलेला असतो, फक्त तो ‘अलेज्ड’ आहे हे माहीत नसतं. म्हणून आधी मराठी बातमी द्या, त्यातल्या अशा शब्दांना अधोरेखित करायला लावा आणि मगच इंग्रजी शब्द त्यांच्यावर ठेवा. ज्या भेदाची जाणीव मातृभाषेत आहे, त्याचं इंग्रजी नाव शिकायला पाच मिनिटं लागतात.

दोरीच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो: सुटला म्हणजे निर्दोष, मग न्यायालय ‘इनोसंट’ का म्हणत नाही? निकाल ‘नॉट गिल्टी’ असतो, म्हणजे पुरेशा खात्रीने गुन्हा सिद्ध झाला नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते, आरोपीने स्वतःला ‘इनोसंट’ सिद्ध करायचं नसतं. माझ्या वर्गात यावर एकदा संपूर्ण तास भांडण झालं. इंग्रजीत झालं, म्हणून मी थांबवलं नाही.

चौथी पायरी: सख्खे शेजारी शब्द

‘थेफ्ट’, ‘रॉबरी’, ‘बर्गलरी’. मुलं तिन्हीला चोरी म्हणून मोकळी होतात, जरी मराठीत चोरी, जबरी चोरी आणि घरफोडी असे तीन शब्द आहेत. व्याख्या पाठ करून घेऊ नका, दोन प्रश्न शिकवा. बळ वापरलं किंवा बळाची धमकी दिली का? असेल तर ‘रॉबरी’. इमारतीत परवानगीशिवाय शिरला का? असेल तर ‘बर्गलरी’कडे बघा. दोन्हींचं उत्तर नाही, पण वस्तू लबाडीने आणि परत न देण्याच्या इराद्याने घेतली, तर ‘थेफ्ट’. इंग्लंड-वेल्समध्ये या तिन्हींच्या व्याख्या १९६८ च्या थेफ्ट अॅक्टमध्ये आहेत, आणि तिथे ‘बर्गलरी’साठी कुलूप तोडलंच पाहिजे असं नाही. उघड्या दारातून चोरीच्या इराद्याने शिरलेलाही त्यात बसतो. हे ऐकून मुलं चमकतात, कारण ‘घरफोडी’तल्या ‘फोडी’ने त्यांना चकवलेलं असतं.

मग आठ-दहा एकओळी प्रसंग द्या. बसमध्ये कुणाच्या नकळत पाकीट गेलं. चाकू दाखवून फोन घेतला. सुट्टीत शाळेच्या खिडकीतून आत शिरून संगणक नेला. मित्राची सायकल न विचारता नेली, संध्याकाळी परत आणून ठेवली. शेवटचा प्रसंग मुद्दाम घाला. त्यात इरादा हा मुद्दा आपसूक निघतो आणि ‘इंटेंट’ हा शब्द मागावा लागत नाही, मुलंच विचारतात की याला इंग्रजीत काय म्हणतात.

यातच व्याकरणाचा एक सापळा आहे. मराठीत ‘त्याने फोन चोरला’ आणि ‘त्याने मला लुटलं’ यांत कर्म बदलतं, तसंच इंग्रजीतही. ‘स्टील’चं कर्म वस्तू, ‘रॉब’चं कर्म माणूस किंवा बँक. ‘ही रॉब्ड माय फोन’ हे वाक्य प्रत्येक वर्गात किमान सहा वह्यांत सापडतं. चोरला–लुटलं ही मराठी जोडी समोर ठेवली की चूक जाते.

‘एव्हिडन्स’ आणि ‘प्रूफ’ हा दुसरा जोड. मराठीत दोन्हीला पुरावा, म्हणून इथे मातृभाषा मदत करत नाही. एव्हिडन्स एखाद्या दिशेला बोट दाखवतो, प्रूफ प्रश्न मिटवतो. ‘मर्डर’ आणि ‘मॅनस्लॉटर’ यांत खोल शिरू नका. पहिल्यात जीव घेण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा इरादा असतो एवढं या वयाला पुरे.

पाचवी पायरी: शब्दांचे सोबती

एकटा शब्द शिकवला की मुलं त्याला मराठीतून सोबती आणतात. ‘गुन्हा केला’ म्हणून ‘डिड अ क्राइम’. म्हणून ‘कमिट अ क्राइम’ हा एकच शब्द समजून शिकवायचा. तसंच ‘ड्रॉप चार्जेस’, ‘गॅदर एव्हिडन्स’, ‘मेक अ स्टेटमेंट’, ‘प्लीड गिल्टी’, ‘रिलीज ऑन बेल’. क्रियापदाला चिकटणारी शब्दयोगी अव्ययं तर खास डोकेदुखी, म्हणून ती मी एका कागदावर छापून वहीच्या आतल्या बाजूला चिकटवायला देते:

अक्यूज्ड ऑफ
सस्पेक्टेड ऑफ
अरेस्टेड फॉर, किंवा ऑन सस्पिशन ऑफ
चार्ज्ड विथ
कन्व्हिक्टेड ऑफ
अक्विटेड ऑफ
सेंटेन्स्ड टू

बघा, ‘अरेस्टेड फॉर’, ‘चार्ज’ आणि ‘सेंटेन्स’ सोडले तर बाकी सगळीकडे ‘ऑफ’ आहे. अपवाद लक्षात ठेवायला सांगा, बाकीचे सांभाळून घेतात.

दोन छोट्या गोष्टी. ‘पोलीस’ इंग्रजीत अनेकवचनी असतो: ‘द पोलीस आर’, ‘द पोलीस हॅव’. एकटा असेल तर ‘पोलीस ऑफिसर’. ‘एव्हिडन्स’ आणि ‘इन्फर्मेशन’ मोजता येत नाहीत, त्यामुळे ‘एव्हिडन्सेस’ नाही. ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’.

कर्मणी प्रयोग टाळा असं लेखनाच्या तासाला सांगितलेलं असतं. इथे तो टाळू नका. ‘अ मॅन वॉज अरेस्टेड’ मध्ये कर्ता लपलेला नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. महत्त्वाचा आहे तो माणूस. ‘इज बिलीव्ह्ड टू हॅव’ ही रचनाही इथेच शिकवा, कारण खात्री नसताना सावधपणे बोलायचं साधन तीच आहे.

सहावी पायरी: बिनतारी संदेश

हा तास मुलांचा सर्वांत आवडता, आणि खरं तर उच्चार आणि ऐकण्याचा उत्तम सराव. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही अक्षरमाला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५६ मध्ये सध्याच्या रूपात लागू केली. ब्रिटिश पोलीसही तीच वापरतात. अमेरिकेतल्या अनेक पोलीस दलांची स्वतःची वेगळी माला आहे, तिची सुरुवात ‘अॅडम’पासून होते. मराठी भाषकांसाठी अल्फा-ब्राव्हो मालेचा खास उपयोग असा की व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही आपण ‘व’ म्हणून मोकळे होतो, पण ‘व्हिक्टर’ आणि ‘विस्की’ कानाला वेगळे लागतात. या मालेतल्या ‘अल्फा’च्या स्पेलिंगमध्ये पीएच नाही, एफ आहे, आणि ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन टी आहेत. पीएचचा उच्चार सगळे ‘फ’ करतीलच असं नाही आणि फ्रेंच वाचक शेवटचा एकटा टी गाळू शकतो, म्हणून ही तजवीज.

मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात गाडीचा नंबर, जागा आणि दिशा असलेला कागद, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. फक्त बोलून माहिती पोहोचवायची आणि ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवायची. ‘रॉजर’ म्हणजे ‘ऐकलं’, ‘हो’ नव्हे, होकारासाठी ‘अफर्मेटिव्ह’. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संवाद संपला. त्यामुळे पडद्यावर ऐकू येणारं ‘ओव्हर अँड आउट’ एकमेकांना खोडतं. हे कळल्यावर मुलं घरी जाऊन सगळ्यांना ऐकवतात, असं पालकांकडून कळतं.

एखादं मूल विचारेल, एवढी काटेकोर भाषा कशाला? तेव्हा इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचं उदाहरण द्या. १९९४ मध्ये तो सुरू होण्याआधी दोन्ही टोकांच्या ब्रिटिश आणि फ्रेंच पोलिसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ‘पोलीसस्पीक’ नावाचा भाषाप्रकल्प राबवला गेला. मोजके शब्द, ठरावीक वाक्यरचना, संदिग्धता शक्य तितकी कमी. तुमचा वर्ग जे करतोय ते मोठ्यांनीही पगार घेऊन केलंय.

सातवी पायरी: साक्षीदार आणि एका क्रियापदाची ताकद

माणसाचं वर्णन शिकवताना क्रम ठरवून द्या: लिंग, अंदाजे वय, उंची, बांधा, केस, कपडे, खास खूण. ‘स्लिम’, ‘स्टॉकी’, ‘मीडियम बिल्ड’, ‘शोल्डर-लेंग्थ’, ‘क्लीन-शेव्हन’ हे शब्द आधी द्या. मग कुणा सहकाऱ्याला वर्गात अर्ध्या मिनिटासाठी यायला सांगा. त्याने टेबलावरची एखादी वही घ्यावी आणि निघून जावं. धक्काबुक्की, ओरडणं, काहीही भीतिदायक नको, आणि प्रसंग ठरवून केला होता हे लगेच सांगा. दहा मिनिटांनी प्रत्येकाने वर्णन लिहायचं. तीस वर्णनांत तीन रंगांचे शर्ट निघतात.

त्यानंतर हा प्रयोग सांगा. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद फक्त बदललं. ‘स्मॅश्ड’ ऐकलेल्यांचा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४० मैल आला, ‘काँटॅक्टेड’ ऐकलेल्यांचा सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘स्मॅश्ड’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. ‘हिट’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी.

वर्गात हे करून बघणं सोपं आहे. एक छोटी चित्रफीत, दोन प्रकारच्या प्रश्नपत्रिका, अर्ध्या वर्गाला एक आणि अर्ध्याला दुसरी. आकडे मूळ प्रयोगासारखे येतीलच असं नाही, तीस मुलांत तशी अपेक्षाही धरू नका. पण ‘हिट’, ‘बम्प’, ‘कोलाइड’, ‘स्मॅश’ या चार शब्दांतला फरक त्या दिवसानंतर पुन्हा शिकवावा लागत नाही.

आठवी पायरी: चौकशी

मुलांना वाटतं चौकशी म्हणजे अंधारी खोली, टेबलावर हात आपटणं आणि ‘इंटरोगेशन’. तो शब्द शिकवा, पण शेजारी ‘इंटरव्ह्यू’ ठेवा. इंग्लंड-वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पोलिसांना जी पद्धत शिकवतात तिचं नाव ‘पीस’, पाच टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून: तयारी, ओळख आणि समजावणं, हकिगत ऐकणं, समारोप, मूल्यमापन. हेतू कबुली उकळण्याचा नाही, माहिती मिळवण्याचा. त्यातले खुले प्रश्न ‘टेल’, ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’ या तीन क्रियापदांनी सुरू करता येतात, आणि भाषाशिक्षकाला याहून मोठी भेट कोणती? ‘हो-नाही’ प्रश्नांवर बंदी घाला, तीन क्रियापदांवरच पाच मिनिटांची मुलाखत चालवा. उत्तर देणाऱ्याला आपोआप लांब बोलावं लागतं.

अटकेच्या वेळी दिली जाणारी सूचना हा वाचनाचा उत्तम उतारा आहे. अमेरिकी सूचना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या ‘मिरांडा’ निकालातून आली. इंग्लंड-वेल्समधली सूचना फक्त ३७ शब्दांची, तीन वाक्यांची. पहिलं आणि तिसरं सोपं: बोलायची सक्ती नाही, जे बोलाल ते पुराव्यात येऊ शकतं. मधलं २१ शब्दांचं वाक्य मात्र एका दमात पोटवाक्यांत पोटवाक्य घालतं: आता विचारल्यावर सांगितलं नाही आणि पुढे न्यायालयात त्याच गोष्टीचा आधार घेतला, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. वर्गाला ते फोडून तीन छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायला द्या, आणि ते आपल्या धाकट्या भावंडाला कळेल का हे तपासायला सांगा. ‘कॉशन’ या शब्दाचे ब्रिटिश वापरात दोन अर्थ आहेत हेही इथेच सांगून टाका: ही अटकेवेळची सूचना, आणि खटला न भरता दिलेली औपचारिक समजही.

नववी पायरी: पाहिलं ते आणि वाटलं ते

अहवाल लिहिताना मुलं निष्कर्ष लिहितात. ‘ही वॉज ड्रंक.’ तुला कसं कळलं? ‘हिज स्पीच वॉज स्लर्ड, अँड ही कुड नॉट स्टँड स्ट्रेट.’ हे लिही. ‘शी वॉज अँग्री’ नको. तिने दार आपटलं, आवाज चढवला, हे लिही. वीस निष्कर्ष-वाक्यं देऊन त्यांची निरीक्षण-वाक्यं करायला लावा. या एका सरावातून जितका शब्दसंग्रह वाढतो तितका कुठल्याही यादीतून नाही, कारण निरीक्षणाला नेमकी क्रियापदं लागतात: ‘स्टॅगर’, ‘मंबल’, ‘ग्रॅब’, ‘शव्ह’, ‘फ्ली’. वेळ २४ तासांच्या घड्याळात, घटना भूतकाळात आणि क्रमाने. एवढं पुरे.

कुठे सांभाळायचं

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी चोरी झालेली असू शकते, कुणाचा नातेवाईक कोठडीत असू शकतो, कुणी हिंसा पाहिलेली असू शकते. तुम्हाला ते माहीत असेलच असं नाही. म्हणून आसपासची खरी प्रकरणं घेऊ नका, रक्तपाताची चित्रं नकोत, आणि कुठल्याही नाट्यप्रसंगात कारण न सांगता बाजूला बसायची मुभा सगळ्यांना असू दे. बसलेल्याला ‘रेकॉर्डिंग ऑफिसर’ करा. तो लिहील, आणि बऱ्याचदा सर्वांत चांगलं लिहील. हात बांधणं, धरून ठेवणं, खेळण्यातली बंदूक, यातलं काहीही वर्गात नको. मी एकदा प्लॅस्टिकच्या बेड्या आणल्या होत्या. पाच मिनिटांत हसण्याचं रूपांतर रडण्यात झालं आणि चूक माझी होती.

शब्दांची निवडही एकतर्फी होऊ देऊ नका. ‘चेस’, ‘रेड’, ‘कफ’ एवढंच शिकलं तर मुलांना पोलीस म्हणजे पाठलाग वाटतो. ‘राइट्स’, ‘कम्प्लेंट’, ‘कन्सेंट’, ‘एक्सेसिव्ह फोर्स’, ‘लीगल रिप्रेझेंटेशन’ हे शब्द त्याच साठांत बसवा. पोलीस दलात जायचं स्वप्न असलेल्यालाही ते लागतील, आणि रस्त्यात थांबवलं गेलेल्यालाही.

उजळणी आणि परीक्षा

नवा शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने समोर आला पाहिजे. कार्डांचे चार खोके करा. आठवलं की कार्ड पुढच्या खोक्यात, विसरलं की पहिल्यात परत. कार्डाच्या मागे अर्थ लिहू नका, रिकामी जागा असलेलं वाक्य लिहा आणि कोपऱ्यात दोरीवरच्या टप्प्याचा क्रमांक.

परीक्षेत ‘अर्थ लिहा’ हा प्रश्न मी काढून टाकला. त्याऐवजी बनावट बातम्या देते, प्रत्येकीत एक शब्द त्याच्या टप्प्याआधीच आलेला. ‘पोलीस आर लुकिंग फॉर द कन्व्हिक्ट हू रॉब्ड अ शॉप यस्टरडे.’ चूक शोधा, दुरुस्त करा, आणि का ते एका वाक्यात सांगा. निम्मे गुण त्या ‘का’ला. शेवटच्या तासाला तोंडी काम: तिघांचा गट, एक साक्षीदार, एक अधिकारी, एक नोंद करणारा. दहा मिनिटांत हकिगत, बिनतारी संदेश आणि आठ ओळींचा अहवाल. तपासताना मी उच्चार आणि स्पेलिंगला थोडी ढील देते. पण आठ ओळींत कुणी निकालाआधी ‘क्रिमिनल’ लिहिलं, तर वही परत जाते आणि वर दोरीवरचा टप्पा क्रमांक लाल शाईत असतो.